भिंतीतली हाक

बिट्टूनं मातीच्या भिंतीच्या बुडाशी नाक खुपसलं आणि पुढच्या पायांनी भराभरा उकरायला सुरुवात केली. भोजराजनं त्याला मुळीच हटकलं नाही. याच कामासाठी तर त्यानं पुतण्याला सांगून नागपूरहून हे विलायती कुत्रं आणवलं होतं. जॅक रसेल म्हणे. मांजराहून जरासं मोठं, पांढरं, एक कान तेवढा तांबडा. करडी गावातले लोक बघून हसले. पण पुतण्या वीरेंद्रनं बजावून ठेवलं होतं, की काका, याच्या उंचीवर जाऊ नका. कोल्ह्याच्या बिळात शिरायला इंग्रजांनी ही जात तयार केली. एकदा वास लागला की बाबा मागे फिरत नाही.

खोली रेणूची. भोजराजची एकुलती एक पोरगी, शेवटचा महिना अंथरुणाला खिळली आणि वाचाही गेली. आईला बोलवायचं तर नखांनी भिंत खरवडायची. पौषात ती गेली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच भिंतीतून पुन्हा खरवडण्याचा आवाज येऊ लागला, तोही भर दुपारी, चार बाया बसलेल्या असताना. बायांनी भुताच्या भीतीनं येणं सोडलं. रेणूची आई चंद्रकला मात्र आवाज आला की हातातलं टाकून त्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. तिचं खाणं तुटलं, हाडं दिसू लागली. पोरगी तर गेलीच, आता बायकोही हातची जाते की काय, या धास्तीनं भोजराज अर्धा झाला होता.

बिट्टू कमरेपर्यंत बिळात गेला. आत झटापट झाली, चिरका आवाज उठला आणि थांबला. तो उलटा सरकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या जबड्यात हातभर लांब घूस लोंबत होती.

भोजराजच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पाह्य चंद्रकला, हे होतं तुझं भूत. आता भिऊ नोको."

चंद्रकला दारातच खाली बसली.

"घूस हाये, हे मले पयल्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "मीच तिले भात टाकत होती."

"काहून?"

"रेणू गेली त्या दिवशी तिनं खरवडलं, ते मी आयकलं होतं. म्हटलं, एवढे तांदूळ निवडून होऊ दे, मंग उठतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घुशीनं खरवडलं का मी लगेच उठून जात होती."