रॉय हेगचे खांदेकरी

“पेटी न्यायला आमच्याकडे चाकांची गाडी आहे, मिस्टर बीव्हर,” अंत्यविधीवाल्या कंपनीचा माणूस पुन्हा म्हणाला. “लोण्यासारखी चालते. आजकाल सगळे तीच घेतात.”

“मग सगळ्यांना दे,” आर्नल्ड बीव्हर म्हणाला.

शववाहिका स्मशानातल्या प्रार्थनाघराच्या जरा अलीकडे उभी होती. आत पेटीत रॉय हेग, स्केलब्रुक रग्बी लीग क्लबचा विंगर, म्हणजे कडेने बॉल घेऊन पळणारा. बाहेर आर्नल्ड, त्याच संघाचा प्रॉप, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्ही संघ डोकी भिडवून एकमेकांना ढकलतात तेव्हा, सगळ्यांत पुढे उभं राहून रेटणारा. दोन्ही गुडघे नवे. शेजारी केन थ्यूलिस, त्याला मागून रेटणारा. एक खुबा नवा.

स्क्रमला सहा फॉरवर्ड लागतात आणि पेटीला सहा खांदे. म्हणून स्केलब्रुकात रीतच पडून गेली होती की, क्लब ज्या वर्षी कपच्या फायनलला पोचला, त्या वर्षीच्या संघातलं कोणीही गेलं, तरी त्याला फॉरवर्डांनी न्यायचं. बाकीच्यांनी हात मागे बांधून मागून चालायचं. मैदानातही ते तेवढंच करायचे, असं फॉरवर्डांचं मत होतं.

या रीतीत एकच खोट होती. फॉरवर्डही मरतात. आता दोघंच उरले होते.

आर्नल्डने एकेकाला खांद्यावरून पोचवलं होतं. आज रॉय चाकांवरून गेला की रीत संपली. आणि त्यानंतर नंबर कोणाचा, हे आर्नल्डला डॉक्टरांनी पुरेसं स्पष्ट सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या ट्रॉल्यांवरून तो भरपूर फिरला होता. शेवटची फेरी तरी माणसांवरून व्हावी, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि ते मागायचाही आता त्याला कंटाळा आला होता.

“दोघांत नाही उचलायची,” केन म्हणाला. “मी आडवा झालो तर आणखी एक पेटी मागवावी लागेल.”

“चौघं येतायत,” डोरीन म्हणाली. ती रॉयची बायको. “मी फोन केलाय.”

फाटकातून चार म्हातारे आत येत होते. गळ्यात हिरवे-पांढरे टाय. केनने चष्मा पुसून पुन्हा लावला.

“अगं डोरीन, हे हार्थवेटचे आहेत!”

“मला दिसतंय.”

हार्थवेटला हरवूनच स्केलब्रुक त्या वर्षी लंडनला, वेम्बली स्टेडियमवर फायनल खेळायला गेलं होतं. सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला रॉयने कोपऱ्यातून घुसून बॉल गोलरेषेपलीकडे टेकवला. तेव्हा त्याचा पाय मैदानात होता, असं स्केलब्रुक म्हणतं. बाहेर होता, असं हार्थवेट म्हणतं. दोन गावांमधल्या रस्त्याच्या कडेला गुरं चरतात, त्यांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही. पुढे वेम्बलीला स्केलब्रुकने बेदम मार खाल्ला. त्या मॅचविषयी गावात कोणी बोलत नाही.

हार्थवेटचे फॉरवर्ड बऱ्यापैकी टिकले होते. ते अंग राखून खेळले म्हणून टिकले, असं आर्नल्डचं म्हणणं होतं.

सगळ्यांत पुढे मॅल क्रॅब्ट्री होता, त्यांचा प्रॉप. स्क्रममध्ये चेंगरून सुजून त्याच्या एका कानाचा फ्लॉवर झाला होता. त्यातला निम्मा आर्नल्डने केलेला. मॅलने डोरीनपुढे टोपी काढली आणि पेटीकडे बघितलं.

“पाय बाहेर होता याचा.”

“आत होता,” आर्नल्ड म्हणाला.

“बाहेर.”

“पायाचं काय ते चहाच्या वेळी भांडा,” डोरीन म्हणाली. “आधी अख्ख्या माणसाला आत न्या.”

सहा जण लागले. पुढे दोन प्रॉप, आर्नल्ड आणि मॅल, एकमेकांच्या पाठीवर हात टाकून. जन्मभर दोघांनी समोरासमोर डोकी भिडवली होती. शेजारी उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. पेटी उचलली. सुरुवातीची पावलं ठीक पडली. मग मॅलचा खांदा आर्नल्डच्या खांद्याला लागला, आणि आर्नल्डने मान खाली घालून रेटलं. मॅलनेही रेटलं. ठरवून कोणीच केलं नाही. आर्नल्डचे गुडघे नवे होते, त्यामुळे पेटी मॅलच्या बाजूला, गुलाबांच्या वाफ्याकडे निघाली.

कंपनीचा माणूस पांढराफटक पडला.

“अरे गाढवांनो!” मागून केन ओरडला. “आज एकाच टीममध्ये आहात!”

दोघं धापा टाकत थांबले.

“तू सुरू केलंस,” मॅल म्हणाला.

“गप. मान वर कर.”

“आधी तू कर.”

दोघांनी एकदमच माना वर केल्या आणि सगळे पुन्हा वाटेला लागले. दारातल्या पायरीवर आर्नल्डचा गुडघा लटपटला. पेटी कलायला हवी होती, कलली नाही. मॅलची मूठ त्याच्या कोटात पाठीमागे रुतून बसली होती. याच पकडीबद्दल आर्नल्डने पूर्वी रेफरीकडे तक्रारी केल्या होत्या. आज तिच्यावरच भार टाकून तो पायरी चढला. रॉय आत गेला.

नंतर क्लबात चहा आणि हॅम सँडविच होते. पायाचा विषय कोणी काढला नाही. तेवढा दमच कोणात उरला नव्हता. मॅल आर्नल्डच्या शेजारी येऊन बसला. मग मॅलने उजवा खांदा चोळला.

“तुझ्या वेळी मला दुसऱ्या बाजूला लावायला सांगून ठेव,” तो म्हणाला. “या खांद्यात आता राम नाही.”