ब्रेकवाला ट्रक

“खेळण्याले ब्रेक कायले पाह्यजे, देवीदासजी?” नत्थूजीनं विचारलं.

देवीदासनं मान वर केली नाही. “ट्रक हाय तं ब्रेक पाह्यजेच,” असं म्हणून तो पुन्हा कानस चालवू लागला.

पांढुर्ण्याच्या बस स्टँडमागं त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. तीन महिने झाले, खिडक्या-दरवाजांची कामं मागं पडली होती आणि टेबलावर दीड हात लांबीचा ट्रक तयार होत होता. खऱ्या ट्रकला टेप लावून दहाव्या हिश्शानं घेतलेली मापं. केबिन पत्र्याची, चेसिस लोखंडी पट्ट्यांची, कमानपाटे हॅक्सॉच्या जुन्या पात्यांचे. मोटर जीपच्या वायपरची, आणि जोर चारही चाकांना. रामाकोन्याच्या गल्लीतल्या चिखलातून, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून तो चालायला हवा होता. रिमोट एका मोडक्या परदेशी खेळण्यातला. तो रेडिओवाल्या दिलीपनं जोडून दिला होता.

ट्रक होता त्या गावच्या नत्थूजीच्या लेकीसाठी, जयश्रीसाठी. पोरगी अकरा वर्षांची, आणि चार वर्षांपासून कमरेखाली लुळी. तान्ह्या पोळ्याला रामाकोन्यातली पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत मारुतीच्या देवळापर्यंत नेत, आणि ही ओट्यावर बसून बघायची. तिला बैल नको होता. बसल्या जागेवरून देवळापर्यंत जाईल असं काहीतरी हवं होतं. हे कानावर आलं तसा देवीदास आपण होऊन नत्थूजीकडं गेला होता. “मी बनवून देतो. मजुरी नाही घेनार,” म्हणाला होता.

“असा देवमानूस नाही पाह्यला बा,” असं नत्थूजी गावभर सांगत सुटला. ते ऐकलं की देवीदासला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चार वर्षांपूर्वी, ब्याऐंशीच्या श्रावणात, देवीदास ट्रक ड्रायव्हर होता. दिवेलागणीची वेळ, धो धो पाऊस. रामाकोन्याच्या पुलावर शिरताना काचेसमोर काहीतरी काळं आलं आणि दणका बसला. खाली कन्हान दुथडी भरून वाहत होती. त्यानं आरशात पाहिलं, तर रस्ता रिकामा. तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणी सांगत होतं, रामाकोन्याच्या नत्थूजीची पोरगी काल कायमची जायबंदी झाली. पुढचं त्यानं ऐकलंच नाही. चहा तसाच टाकून उठला आणि त्या आठवड्यात स्टिअरिंग सोडलं ते कायमचं.

पोरगी कशी जायबंदी झाली, कुठं झाली, हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं. विचारायला गेलो आणि आपलाच चेहरा बोलला तर?

त्यात नत्थूजीची बायको प्रेमलताही त्याच सुमारास घर सोडून गेली होती. लुळ्या पोरीचं करणं नको म्हणून पळाली, असं लोक म्हणत. नत्थूजी तिचं नावसुद्धा काढत नसे. भाकरी तोच थापायचा, लेकीच्या वेण्याही तोच घालायचा. त्या वाकड्या वेण्या बघून देवीदास नजर वळवायचा. एका दणक्यात आपण अख्खं घर मोडलं, असं त्याला वाटे.

त्यानं मनाशी ठरवलं होतं. ट्रक चालला, पोरगी हसली, की त्याच दिवशी नत्थूजीपुढं सगळं कबूल करायचं. मग त्यानं पोलिसांत द्यावं नाहीतर जोड्यानं मारावं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी अख्खं पांढुर्णा गोटमारीच्या दगडफेकीला जांब नदीवर लोटलं होतं. देवीदास पोत्यात गुंडाळलेला ट्रक मांडीवर घेऊन रामाकोन्याच्या बसमध्ये बसला.

जयश्रीनं ओट्यावरून रिमोटची कांडी पुढं केली. ट्रक गल्लीत उतरला. पहिल्याच चाकोरीत मागची चाकं चिखलात फसली, पण पुढच्यांनी ओढून काढलं. पोरं बैल बाजूला घेऊन वाट देऊ लागली. मध्येच एक बारकं पोर आडवं धावलं. जयश्रीनं कांडी मागं खेचली आणि ट्रक पोरापासून हातभर अंतरावर थांबला.

“काका, ब्रेक लागला!” ती ओरडली आणि खदखदून हसली.

देवीदासला पुढं बघवेना. त्यानं नत्थूजीला हाताला धरून घरामागच्या गोठ्यात नेलं आणि त्याचे पाय धरले.

“मारा मले. जयश्रीले उडवनारा ट्रक माहाच होता.”

“कोन्ता ट्रक?”

“पुलावरचा. चार साल झाले. मी थांबलो नाही, नत्थूजी.”

नत्थूजीनं त्याला वर उठवलं. मग हसला. “येडे झाले का देवीदासजी? तिले ट्रकनं कुठं उडवलं! नागपंचमीचा झोका बांधला होता या गोठ्यापुढच्या लिंबाले. दोर तुटला, दगडावर पाठ आपटली. मी इथंच उभा होतो.”

“म्हंजे... मी नाही?”

“नाही बा! चार साल हेच घेऊन फिरून राहिले का तुमी?”

देवीदास शेणातच बसला. रडू आणि हसू त्याला एकदमच आलं. एवढं हलकं त्याला चार वर्षांत वाटलं नव्हतं. नत्थूजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याचं तोंड पुसलं.

“जनावर आलं असन गाडीपुढं,” नत्थूजी म्हणाला.

“जनावर नव्हतं. छत्री होती. काळी.”

तोंड पुसणारा हात थांबला.

“कोन्त्या दिवशी म्हनले?”

“त्याच दिवशी. नागपंचमीले. दिवाबत्तीच्या वक्ताले.”

गल्लीतून जयश्री बापाला हाका मारत होती. 

“देवीदासजी,” तो म्हणाला, “पोरगी पडली तवा तिची माय छत्री घेऊन डॉक्टरले बलवाले त्याच पुलाकडं धावली होती. वापस आलीच नाही.”