हरकती व सूचना

"हरकत नाही," ती म्हणाली, आणि कारकुनाने ते लगेच लिहून घेतलं.

झालं होतं एवढंच, की पालिकेचे साहेब आत येताना त्यांचा बूट तिच्या लेकीच्या दुधाच्या बाटलीला लागला. बाटली लवंडली. "सॉरी हं, ताई," साहेब म्हणाले. समोरच्याने सॉरी म्हटलं की चारचौघांत जे म्हणायचं असतं, तेच ती म्हणाली. दाराशी टेबल टाकून बसलेल्या कारकुनाला मात्र ते आयतं सापडलं. त्याने वहीत मान घातली. 'एक माता. हरकत नाही.'

सभा होती पालिकेचं हे पाळणाघर बंद करण्याबद्दल. 'नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' असा कागद पालिकेने दारावर डकवला होता, दाराच्या आतल्या बाजूने. सभाही पाळणाघरातच भरवलेली. पाळणे भिंतीशी ढकलले होते. आयांना बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्या होत्या, त्यामुळे एकेकीचे गुडघे हनुवटीला टेकले होते. साहेबांची खुर्ची तेवढी त्यांच्याबरोबर गाडीतून आली होती.

ती लेकीला कडेवर घेऊन उठली. "साहेब, ते मी बाटलीबद्दल म्हटलं होतं."

"कशाबद्दल म्हटलं ते लिहायला रकाना नाही," कारकून म्हणाला.

"मग खोडा."

"खाडाखोड चालत नाही, ताई."

"अहो, पाळणाघर बंद करायला माझी हरकत आहे. हज्जारदा आहे!"

"तुमच्या भावना पोहोचल्या," साहेब म्हणाले.

"कुठवर?" पाळणाघराच्या मावशींनी मागून विचारलं. बायका फिसकन हसल्या. साहेबही हसले. हसण्याचंही त्यांना प्रशिक्षण दिलेलं असावं.

मग पहिलीतल्या पोरांना समजवावं तसं साहेबांनी समजावलं. या जागेत जनसुनावणी कक्ष होणार होता. खोली गारेगार, खुर्च्या गुबगुबीत, आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायला एक खास अधिकारी.

"पण आमचं गाऱ्हाणंच हे आहे, की पाळणाघर बंद होतंय."

"अगदी बरोबर!" साहेबांचा चेहरा उजळला. "तेच इथे येऊन सांगा. कक्ष सुरू झाला की."

"आणि तोवर हिला कुठे ठेवू?"

"घरी कुणीतरी असेलच की."

असेलच की! घरी सासूबाई होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. नवरा ट्रकवर, आज या गावी तर उद्या त्या. ती स्वतः इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. लेकीच्या तापात तिचे खाडे झाले होते आणि मुकादमाने बजावलं होतं, "आता एक जरी खाडा केलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस." कामाच्या बायकांना न्यायला इस्पितळाची गाडी कोपऱ्यावर यायची. ती कुणासाठी थांबायची नाही.

कडेवरच्या ठकीने आईच्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या जावळाला दुधाचा आणि घामाचा वास येत होता. लाँड्रीत साबणाच्या वाफेत उभी राहून चादरी पिळताना आई हाच वास आठवत राहायची. पोर मावशींपाशी गाढ झोपली असेल, एवढ्या भरवशावर तिचे हात चालायचे. तो भरवसा साहेब आज वहीत गुंडाळून न्यायला आले होते.

तेवढ्यात फोटोवाला पुढे सरसावला. "साहेब, एखादं मूल घ्या ना कडेवर. फोटो झकास येईल."

"आणा, आणा! त्या छकुलीला आणा इकडे." साहेबांनी हात पसरले. अख्ख्या सभेत त्यांनी मनापासून मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

तिने लेक दिली. ठकीही मोठी समजूतदार, कुरकुर न करता गेली. साहेबांनी गाल फुगवले, फोटोवाल्याने कळ दाबली, आणि कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला.

तिने मावशींकडे पाहिलं. मावशींनी दोन्ही डोळे मिटून उघडले. जा तू, मी आहे.

मग तिने लंगोटांची पिशवी साहेबांच्या खांद्याला अडकवली. साहेबांना वाटलं, हेही फोटोसाठीच. त्यांनी मान किंचित तिरकी केली.

"निघते मी," ती म्हणाली.

"अहो ताई! हिला घ्या की!"

"कामावरून आले की घेते. पालिकेकडेच तर ठेवतेय. रोज ठेवते तशी."

"अहो, पण सभा चालू आहे! असं कसं?"

"हो की, सूचना द्यायच्या राहिल्याच." ती कारकुनाकडे वळली. "घ्या लिहून. दूध पाजलं की ढेकर येईपर्यंत पाठ थोपटायची. ओठ काढला की समजायचं, ओली झाली. रडायच्या आत बदलायचं. उताणी झोपवायची नाही, दचकते."

कारकून सवयीने लिहू लागला. मागे बुटक्या खुर्च्या करकरल्या. लाँड्रीतल्या बाकीच्या आयाही आपापली पोरं सावरत उठल्या होत्या आणि साहेबांपुढे रांग लावत होत्या. साहेबांनी ठकीला आपल्यापासून जरा दूर धरलं होतं, गळकी पिशवी धरावी तसं. तिने जांभई दिली.

आईचा पाय दारात अडखळला. ती परत आली, लेकीचं डोकं तिने अलगद साहेबांच्या खांद्यावर टेकवलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "झोप आली की हिला कुणाचा तरी कान धरायला लागतो, साहेब. बाकी काही मागत नाही. तुम्ही फक्त कान द्या."