पंपवाल्याची खुर्ची

"पुढचं मिनिट पंप दुरुस्ती," अध्यक्ष सवयीने म्हणाले आणि थांबले. मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, बसून बोललात तरी चालेल."

ती उभी राहिली. बुधवार सकाळच्या बैठकीत सगळे उभे राहूनच बोलतात, एवढं तिला ऐकून माहीत होतं.

टेबलांमागे चोवीस धंदे बसले होते. गाद्यावाला, चष्मेवाला, दातांची डॉक्टर. अध्यक्षांचं स्वतःचं औषधांचं दुकान. एका धंद्याचा एकच माणूस, हा मंडळाचा नियम. प्रत्येकाने मिनिटभर आपल्या कामाबद्दल बोलायचं आणि बाकीच्यांनी आठवडाभर आपापल्या गिऱ्हाइकांना त्याचं नाव सुचवायचं. सलग चार बैठका खुर्ची रिकामी राहिली, की ती त्याच धंद्यातल्या दुसऱ्याला मिळते. नवरा जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि आजचा बुधवार चौथा होता.

दुसरा पंपवाला दाराजवळ पाहुण्यांच्या खुर्चीत बसला होता. त्याचा भरलेला फॉर्म अध्यक्षांपुढे होता. माणूस वाईट नसावा, कारण तिच्याकडे बघायचं तो टाळत होता.

दुकानाला दहातली सात कामं या खोलीतून मिळत. खुर्ची गेली की दुकान गेल्यात जमा. हे तिला सकाळी केस विंचरतानाच नीट कळलं होतं, पण आत काही हललं नव्हतं. तेवीस दिवस काहीच हलत नव्हतं.

शेजारी छापखानेवाले काका होते. नव्या सभासदाला मंडळ एक जुना सभासद मार्गदर्शक म्हणून देतं. नवऱ्याच्या वाट्याला अकरा वर्षांपूर्वी काका आले. त्याचं भाषण त्यांनीच रचलं आणि त्यांनीच घोटून घेतलं. "घाबरू नका. चार वाक्यं बोला आणि बसा," ते आत्ता हळूच म्हणाले.

अध्यक्षांनी टायमर दाबला. तिने तोंड उघडलं आणि नवऱ्याचं भाषण बाहेर पडलं. दर बुधवारी दाढी करताना तो ते म्हणायचा आणि ती ओट्याशी डबा भरत असायची. तोंडपाठ व्हायला आणखी काय लागतं?

"नमस्कार मंडळी. घरचा पंप असो की दहा मजली इमारतीचा, जळलेली मोटर आमच्याकडून तीन दिवसांत परत. तार अस्सल तांब्याची. वाइंडिंग घरच्या हातचं, बाहेर देत नाही. हमी एक वर्षाची." तो जिथे श्वास घ्यायचा तिथे तिने श्वास घेतला. "आणि मंडळी, पंप बंद पडला तर मला बोलवा. मी बंद पडलो तर बायकोला."

या वाक्याला अकरा वर्षं हशा ठरलेला. आजही गाद्यावाला हसला, त्याच्या पाठोपाठ चष्मेवाला हसला, आणि मग दोघांनी एकदमच चहाचा कप तोंडाला लावला. आपण काय बोलून बसलो ते तिला त्यांच्याकडे बघून कळलं. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. टायमरवर एकवीस सेकंद उरले होते, ते तिने उभ्यानेच संपू दिले.

घंटी वाजली. अध्यक्षांनी घसा साफ केला.

"वहिनी, राग मानू नका. आम्ही गिऱ्हाइकाला एखाद्याचं नाव सांगतो म्हणजे आपला शब्द देतो. उद्या जळलेली मोटर आली, तर वाइंडिंग करणार कोण?"

"मीच. आत्तापर्यंतही मीच करत होते."

"म्हणजे तुमची मदत असायचीच," अध्यक्ष म्हणाले. लहान मुलाची समजूत घालावी तसं ते हसले.

"मदत यांची असायची. पंप उतरवणं, बसवणं, लोकांशी बोलणं. मला ते बोलणं जमत नाही. वाइंडिंगची तार भरायला यांचा हात जड होता." वाणसामानाची यादी वाचावी तसं तिने सांगितलं. "उतरवायला-बसवायला माणूस ठेवलाय सोमवारपासून."

"माझ्या दवाखान्यातली मोटर कोणी केली होती?" दातांच्या डॉक्टरने विचारलं.

"ती पण मीच. बेरिंग वाजत होतं आतलं, तेही बदललं तेव्हा."

"दोन वर्षं झाली. कुरकुर नाही एकदाही," डॉक्टर अध्यक्षांना म्हणाली. खोलीभर माना हलल्या. जो तो आपापली मोटर आठवत असणार.

अध्यक्षांनी फॉर्म उचलला आणि दाराजवळच्या पाहुण्याकडे परत पाठवला. "सध्या जागा रिकामी नाही," ते म्हणाले. पाहुण्याने फॉर्म खिशात ठेवला आणि तो निघून गेला.

ती खाली बसली. खुर्ची राहिली होती. आनंद व्हायला हवा होता, हे तिला समजत होतं. समोरचा चहा थंड झाला होता, तो तिने पिऊन टाकला.

अध्यक्ष मात्र काकांकडेच बघत राहिले. "काका, तुमचं त्यांच्याकडे जाणंयेणं. तुम्हाला माहीत होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग भाषणात का नाही घातलंत?"

काकांनी अध्यक्षांपुढच्या टायमरकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"घालून बघितलं होतं," ते म्हणाले. "मिनिटात बसत नव्हतं."