पाचवी प्रत

रविवारी सकाळी दहा वाजता त्याने थोरल्या बहिणीच्या दाराची घंटा वाजवली. आतून हातोडीचे ठोके आले. मग कुणीतरी कळवळलं. मग ताईने हसतमुखाने दार उघडलं. तिचे यजमान अंगठा तोंडात धरून मागे उभे होते.

"बघ!" ताईने बुटांच्या कपाटावरच्या भिंतीकडे हात केला. "येता-जाता नजर पडते. काय सुरेख घोडं काढलंयस रे!"

चित्र खुर्चीचं होतं. ऑफिसातली रिकामी खुर्ची, नारिंगी रंगात, खाली निळी सावली. मागच्या वर्षी त्याने घरच्या न्हाणीघरात लाकडी चौकटीवर नायलॉनचं कापड ताणलं होतं आणि त्यातून रबरी पट्टीने रंग ओढून तिच्या बारा प्रती छापल्या होत्या. आठवडाभर घरात कुणाला धड अंघोळ मिळाली नव्हती. प्रती नातेवाइकांत वाटल्या. सगळे एकमुखाने म्हणाले, "हातात कला आहे तुझ्या. जरा धाडस कर!" धाडस दुसऱ्याने करायचं असलं की माणसं फार उदार होतात.

त्याने ते मनावर घेतलं. विमा कंपनीतली नोकरी सोडून छपाईच करतो म्हणाला. बायको व्यवहारी. "तोंडावर स्तुती सगळेच करतात," ती म्हणाली. "ताई, मामा आणि बाबा. तिन्ही घरी जाऊन ये. तिन्हीकडे भिंतीवर असेल तर उद्या राजीनामा दे." ही अट तिने फक्त सासूबाईंना सांगितली होती. त्यामुळे दवंडी पिटायची गरज उरली नव्हती.

तो चित्राजवळ गेला. कोपऱ्यात त्याच्याच हाताने पेन्सिलीत लिहिलं होतं, ५/१२. बारांतली पाचवी. पहिल्या चार प्रतींत रंग फासला गेला होता, पाचवीला हात बसला. ती सगळ्यांत स्वच्छ उतरली म्हणून वडिलांना दिली होती. त्यांनी चष्मा न लावताच पाहिली आणि म्हणाले, "असली बाजारात डझनाने मिळतात."

म्हणजे त्यांनी ती ताईला देऊन टाकली. त्याने चहा अर्धाच ठेवला आणि उठला.

दुपारी मामाकडे चित्र सोफ्याच्या वर होतं. खुर्चीचे पाय आढ्याकडे.

"पूल झकास जमलाय," मामा म्हणाला. "भक्कम वाटतो."

त्याने मान वाकडी करून कोपरा वाचला. ५/१२.

एकच चेपलेलं दार दोन-दोन गाड्यांचं म्हणून दाखवून भरपाई मागणारे लोक पकडणं, हे त्याचं रोजचं काम. खिळ्याखाली सोफ्यावर चुन्याचा ताजा भुगा पडला होता. मामाकडच्या मूळ प्रतीचाही तपास लागला. स्वयंपाकघराच्या फळीवर, डब्यांच्या बुडाखालून तिचा नारिंगी कोपरा डोकावत होता.

"बाबांकडे कधी जाणार आहेस?" मामींनी विचारलं.

"पाचला."

"मग पाचलाच जा हं. आधी नको. म्हणजे... त्यांची झोपमोड व्हायची."

तो तडक तिकडेच गेला. दारात आईचा चेहरा पडला. "पाचला येणार होतास ना?"

"बाबा कुठायत?"

"ते... जरा मामाकडे गेलेत."

बैठकीच्या भिंतीवर, वडिलांच्या खुर्चीसमोर, रिकामा खिळा होता. खिळ्याखाली एक चौकोन. आजूबाजूची भिंत वर्षभरात मळली होती. चौकोन तेवढा कोरा राहिला होता.

तो पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. धापा टाकत, काखेत चित्र घेऊन वडील आले आणि चपला न काढताच भिंतीशी गेले.

"तुझ्या भावाने अक्कल गहाण ठेवलीय," ते आईवर ओरडले. "खुर्ची उलटी टांगली होती! पाय वर! माणूस बसणार कुठे? पुन्हा कुणी मागितली तर सांग, मिळणार नाही म्हणून. वर ताईच्या नवऱ्याने काचेवर रक्त लावून ठेवलंय."

आईने डोळ्यांनी स्वयंपाकघर दाखवलं. वडील वळले. दारात मुलगा उभा होता.

"तू कधी आलास?"

"आत्ताच."

"हं." ते पुन्हा भिंतीकडे वळले. "ओल आलीय इथे. झाकायला दुसरं काही नव्हतं घरात."

भिंत खडखडीत कोरडी होती. वडील बाहीने काच पुसत होते.

त्याचा फोन वाजला.

"काय झालं? किती घरी लागलंय?" बायकोने विचारलं.

"एका."

वडिलांनी चित्र खिळ्याला अडकवून सरळ केलं.

"पण तिथे खरंच लागलंय," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या तुझा डबा करू की नको?"