मिसेसचं माप

सांडूनं माप न घेताच सीट बसवली, आणि शालूचा पाय काही पुरेना. पायडल खाली गेलं की टाच सुटायची, कंबर एका अंगाला कलायची. अशी कंबर घेऊन पन्नास किलोमीटरवरचं देवगाव रंगारी गाठायचं म्हणजे माहेरी जाऊन अंथरूणच धरायचं.

सांडूला स्वतःचाच राग आला. वीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, माप कधी चुकलं नाही. हँडल त्यानं वर उचललं, जवळ घेतलं, तशी तिची मनगटं दुखायची थांबली. मानेचं विचारलं तर शालू म्हणाली, मान जुनीच दुखते, टँकरचं पाणी डोक्यावर वाहून.

सीट मात्र आणखी खाली जाईना. पाइप आत अडला होता. दोन बोटं कापावा लागंल, सांडू म्हणाला. शालू नको म्हणाली. सायकल नवऱ्याची, रामेश्वरची. दर रविवारी एकटाच लांब फिरायला जातो बिचारा, या रविवारी न सांगता आपणही सोबत निघायचं, माहेरापर्यंत जायचं, एवढंच तिच्या मनात. त्यासाठी त्याच्या वस्तूला करवत कशाला लावायची?

"त्यांच्यासाठी एक भाड्याची ठेवा तेवढी," ती म्हणाली.

"हाय की. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं जात होता तवा साहेब स्वतःला न्यायचे, तीच ठेवतो."

शालू सीटवरून उतरली. "मी तर या सायकलीवर आज पहिल्यांदा बसतेय."

सांडूनं जीभ चावली, पण गेलेला शब्द गेला. तिनं खोदून विचारलं तेव्हा सांगावंच लागलं. रविवारी सकाळी साहेब मिसेससाठी म्हणून सीट खाली करून न्यायचे, संध्याकाळी परत वर. म्हणून तर माप घ्यायची गरज वाटली नाही. त्यानं पाइप बाहेर काढला. खिळ्यानं ओढलेल्या दोन खुणा होत्या. खालच्या टोकाजवळची साहेबांची, तिच्यावर चार बोटं मिसेसची.

प्लॉटिंगच्या त्यांच्या वस्तीत नळ नाही. उन्हाळाभर टँकर रविवारीच यायचा. भर उन्हात रांगेला उभं राहून शालू ड्रम भरायची, आणि रामेश्वर दमून येईल म्हणून त्याच्या आंघोळीच्या दोन बादल्या आधी बाजूला काढायची. त्या बादल्या आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कापा," ती म्हणाली.

"दोनच बोटं कापतो, वहिनी. साहेबांची खूण राहती, सीट परत वर घेता यील."

तिनं त्याच खुणेच्या वर बोट टेकवलं. "इथून कापा."

"मग साहेबांनी काय करायचं?"

"त्यांना भाड्याची चालते."