लांबलेला शनिवार

ती घरात शिरली तेव्हा बाहेर सोमवार होता आणि घरात शनिवार.

दार नवऱ्याने उघडलं. अंगात पार्टीचा कोट होता, आणि तो घालूनच झोपल्याच्या सुरकुत्या कोटावर होत्या. "ये ये, वेळेवर आलीस," तो म्हणाला. "बाबांचा वाढदिवस अजून चालू आहे."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं. त्याचा सेल धाकटीच्या मुठीत होता. तिने तो आईला लांबूनच दाखवला आणि मूठ पुन्हा मिटली.

ही शक्कल तिच्याच धंद्यातली. ती जगाच्या हवामान परिषदेची अध्यक्ष होती. शुक्रवार संपायच्या आत सगळ्या देशांचं एकमत व्हावं असा नियम असतो, आणि ते कधीच होत नाही. मग सभागृहातलं घड्याळ थांबवतात. करार होईपर्यंत शुक्रवारच आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. मोठमोठे मंत्री दाढीचे खुंट वाढवून, डोळे चोळत, शुक्रवार असल्यासारखे रविवारी वाद घालतात. कुणीही हसत नाही. यंदा तिने शुक्रवार रविवार संध्याकाळपर्यंत ताणला होता. करार पदरात पाडून घेतला आणि त्या नादात वाढदिवस बुडवला. दरवर्षीसारखाच. परिषद नेमकी त्याच आठवड्यात यायची, आणि बाबाही हट्टाने त्याच आठवड्यात जन्मलेले.

म्हणून तिने ठरवलं होतं, आता पुरे. राजीनामा फोनमध्ये लिहून तयार होता. घरी तसं आधीच कळवलंही होतं : या वेळी वाढदिवसाला नक्की येते आणि वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन मोकळी होते. त्यावर फोनवर कुणी काहीच बोललं नव्हतं. तिच्या धंद्यात गप्प बसणं म्हणजे संमती.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. नवा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, डोक्यावर कागदाची टोपी. समोरचा केक एका अंगाला खचला होता. कोचावर मावशी गळ्यात मोती घालून बसल्या बसल्या झोपली होती. तिला दोन तासांसाठी बोलावलं होतं. आता घरी जायला तिला रविवार लागणार होता.

"शाळेत नाही गेलीस?" तिने धाकटीला विचारलं.

"शनिवारी संध्याकाळी कुठे असते गं शाळा?"

"आणि तू? ऑफिस?"

"साहेबांना फोन केला," नवरा म्हणाला. "म्हटलं, सोमवार आला की येतो."

तिला हसू आलं, आणि मग हसू नीट जमेना. ती बाबांच्या पायाशी बसली.

"बाबा, चुकलं माझं. दरवर्षीच चुकतं. आता नाही चुकणार. तुम्ही केक कापा, मी लगेच तो राजीनामा पाठवून टाकते. पुढच्या वर्षापासून मी घरातच."

"अरे देवा," मावशी डोळे न उघडता म्हणाली.

मावशीचंही बरोबर होतं. मागच्या सुट्टीत अध्यक्षबाईंनी घरच्या पडद्यांचा रंग एकमताने ठरवायला घेतला होता. घराला अजून पडदे नाहीत.

बाबांनी सुरी उचलली, केकभोवती एकदा फिरवली आणि परत ठेवली.

"कापू की. घाई काय आहे?"

"बाबा, बघा तरी त्याच्याकडे. आडवा होतोय तो."

"मी टीव्हीवर सगळं बघत होतो," बाबा म्हणाले. "तो बेटावरचा माणूस. बोलायला उभा राहिला तर बाकीचे बॅगा उचलून निघाले. तू म्हणालीस, यांचं व्हायचंय, बसा. आणि बसले की गं सगळे! एवढाली माणसं! या घरात मी बस म्हटलं तर मांजरसुद्धा उठून जातं."

"मांजर ऐकतं, बाबा. फक्त तुमचं नाही ऐकत," नवरा म्हणाला.

"तू गप रे. त्या माणसाचं गाव समुद्रात चाललंय. दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं त्याचं ऐकायला?"

"थांबलं असतं, बाबा. अध्यक्ष काय, दुसरा मिळतो." तिने फोन काढला. अंगठा राजीनाम्यावर होता. डोळे भरल्यामुळे अक्षरं पोहायला लागली होती. "तिथे मी जगाला थांबवत बसले. आणि इथे माझ्यामुळे वाढदिवस चुकू नये म्हणून तुम्ही अख्खं घर थांबवलंत."

"वाढदिवस?" बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नवरा आणि धाकटी एकदम छताकडे बघायला लागले. "छे गं. वाढदिवस काय, तू नसताना दरवर्षी होतो. चांगला होतो. तू राजीनामा दुसऱ्या दिवशी देणार होतीस ना? म्हणून म्हटलं, दुसरा दिवस येऊच द्यायचा नाही."